कॅम्पातल्या पोर्चमध्ये कॉन्टेसा : जुनी गाडी घरी उभी करायला खरा खर्च किती?

मसल कार म्हटलं की आठवते ती १९६४ची पॉन्टियाक जीटीओ, नाहीतर त्याच वर्षी बाजारात आलेली फोर्ड मस्टँग. मध्यम आकाराची बॉडी आणि तिच्यात सहा-सात लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, असा तो अमेरिकन प्रकार. आपल्याकडे तसली गाडी कधी बनली नाही. तरीही लांब बॉनेट, रुंद बसकण, मागच्या चाकांना ताकद आणि समोरून बघताना दबदबा या सगळ्यात तिच्या जवळ जाणारी एक गाडी भारतात तयार झाली, ती हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सच्या बॉडीवरून १९८४ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती सुरू झाली. पहिल्या गाड्यांना अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि एवढ्या अंगापुढे ते दमायचं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा गाडीला तिच्या रूपाला शोभेल असा वेग मिळाला. नंतर डिझेलही आलं. २००२मध्ये उत्पादन थांबलं.

कॉन्टेसा घेऊन ती घरच्या घरी पुन्हा उभी करावी, असं मनात असलेल्या बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी भागातल्या वाचकांसाठी हा लेख आहे. आपला भाग या कामाला सोयीचा आहे. बेळगावच्या कॅम्पात जुन्या बंगल्यांना प्रशस्त पोर्च आणि आउटहाउस आहेत. खानापूर रोडने खाली गेलं की उद्यमबागेत फाउंड्री, लेथ आणि ग्राइंडिंगची दुकानं आहेत. हायवेने दोन-अडीच तासांत कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठता येतं. तरीही अर्ध्यावर सोडलेल्या, ताडपत्रीखाली सडत असलेल्या गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. हौस कमी पडली म्हणून त्या सडत नाहीत, हिशेब उलट्या टोकाने मांडला म्हणून सडतात.

थोडक्यात हिशेब

कागदपत्रं सरळ आहेत पण बरीच वर्षं उभी आहे, अशा पेट्रोल कॉन्टेसासाठी दीड ते तीन लाख रुपये धरा. चालत्या, नीटनेटक्या गाडीला चार-सहा लाख किंवा त्याहूनही जास्त सांगतात. तिच्यावरचं काम, सरकारी शुल्क आणि अडीअडचणीची तजवीज मिळून पाच ते साडेनऊ लाख. म्हणजे गाडीसकट साडेसहा ते साडेबारा लाखांची तयारी असेल तरच हात घाला. या लेखात सरकारी शुल्क आणि विम्याचे दर नियमांप्रमाणे दिले आहेत. कामाचे आकडे अंदाजपत्रक मांडण्यासाठीचे पल्ले आहेत, तेव्हा प्रत्येक कामाला निदान दोन ठिकाणचे दर लेखी घ्या.

आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

बहुतेक जण गाडी बघायला गेले की आधी बॉनेट उघडतात. तुम्ही आधी आरसी बुक मागा. इंजिन पैसे टाकून बांधता येतं. पत्रा जास्त पैसे टाकून दुरुस्त होतो. कागद बिघडले असतील तर कितीही पैसे टाका, गाडी रस्त्यावर येत नाही.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः पडताळा. गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आकडान् आकडा जुळवा. विकणाऱ्याचं नाव आरसीवर आहे का, ते बघा. ‘मूळ मालकाच्या सह्या केलेले फॉर्म आहेत, चालतंय की’ असं सांगितलं तर ते अजिबात चालत नाही. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी फॉर्म ३१ने चढते. ते काम विकणाऱ्याने करून द्यावं. नेहमीच्या हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र घ्या. पुस्तकी आरसी असलेल्या जुन्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत बऱ्याचदा नसते. ती जुनी नोंद चढवून घेतल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. म्हणून विसार देण्याआधी गाडीचा नंबर प्रणालीत दिसतो का, ते बघा.

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी ती नवी करावी लागते. वयाची सरसकट बंदी दिल्ली परिसरात आली, तशी कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात खासगी गाड्यांवर नाही. मात्र शुल्क वाढलं आहे. २० वर्षांपुढच्या चारचाकीला नूतनीकरणासाठी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये पडतात. आज कुठलीही कॉन्टेसा याच गटात येते. उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे. नोंदणी संपून आठ वर्षं झालेल्या गाडीवर हा भारच ४८,००० रुपये होतो. विकणाऱ्याशी भाव करताना ही रक्कम किमतीतून वजा करून मागा. ग्रीन टॅक्स वेगळा.

सीमेपलीकडची गाडी

आपल्या भागात हा प्रश्न हटकून येतो. गाडी केए २२ म्हणजे बेळगाव पासिंगची किंवा केए २३ म्हणजे चिकोडी पासिंगची असेल तर बेळगावकर आणि निपाणीकर दोघांचंही काम सोपं, कारण राज्य तेच असल्याने आजीवन कर पुन्हा भरावा लागत नाही. कोल्हापूरची, एमएच ०९ पासिंगची गाडी आणली तर कोल्हापूरच्या कार्यालयातून फॉर्म २८वर ना हरकत दाखला घ्यावा लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासोबत कर्नाटकचा आजीवन करही येतो. गाडी जितकी जुनी, तितकी कराची टक्केवारी कमी. तरी नेमकी रक्कम आधी कार्यालयातून विचारून घ्या. कोल्हापुरात २०-३० हजारांनी स्वस्त दिसणारी गाडी कोगनोळीची सीमा ओलांडली की तेवढ्याने महाग होऊ शकते.

पत्रा कसा तपासायचा

कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे फ्लोअर, दारांखालच्या पेट्या आणि जॅक लावायच्या जागा कुजल्या असतील तर गाडीची हाडंच कुजली असं समजा.

बघायला जाताना खिशात लहान लोहचुंबक, टॉर्च आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर ठेवा. चुंबक मऊ कापडात गुंडाळून चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. पुढचं मॅटिंग उचला. खाली ओलसर वास आणि तपकिरी भुगा दिसला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. डिकीत स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालची ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराखालच्या दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारा. आपल्याकडे जूनपासून चार महिने गाडी ओल्यात उभी असते. कॅम्पातल्या झाडांखाली उभ्या गाडीच्या वायपरखालच्या जाळीत पाला साचतो, तो पाणी धरून ठेवतो आणि तिथूनच गंज फ्लोअरपर्यंत उतरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी पूर्ण आहे का, ते बघा. ग्रिल, बंपर, दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, मीटर, काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या या सगळ्यांची यादी करून टिकमार्क करत जा. इसुझूचं १.८ लिटर इंजिन नंतरच्या अॅम्बेसेडरलाही बसवलं होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग शोधता येतात. बॉडीचे आणि सजावटीचे भाग मात्र फक्त कॉन्टेसाचेच, आणि ते बनणं २४ वर्षांपूर्वी थांबलं. दोन लाखांत अर्धवट गाडी घेण्यापेक्षा तीन लाखांत पूर्ण गाडी घ्या. फरकाचा लाख तुम्ही भागांच्या शोधातच घालवाल.

कामाचं अंदाजपत्रक

पेट्रोल १.८ गाडी, पूर्ण काम, मजुरी आणि सुट्या भागांसह :

- इंजिन : ६० हजार ते १ लाख
- क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट : १५ ते ३५ हजार
- ब्रेक : १५ ते २५ हजार
- सस्पेन्शन आणि स्टिअरिंग : २० ते ४० हजार
- रेडिएटर, वॉटर पंप, होज : १२ ते २० हजार
- पेट्रोल टाकी, पाइप, पंप, कार्ब्युरेटर : ८ ते १५ हजार
- वायरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरी : ३० ते ५० हजार
- पत्रा काम आणि वेल्डिंग : ६० हजार ते दीड लाख
- रंग : ७० हजार ते १ लाख ४० हजार
- काचा, रबरं, क्रोम, पट्ट्या : ४० हजार ते १ लाख
- सीट, छताचं कापड, कार्पेट : ३५ ते ७० हजार
- पाच टायर : २० ते ३० हजार

बेरीज ३ लाख ८५ हजार ते ७ लाख ७५ हजार. या रकमेवर २० टक्के अडीअडचणीसाठी बाजूला काढा, कारण जुनी गाडी उघडल्यावरच आपलं खरं रूप दाखवते. मग आकडा ४ लाख ६२ हजार ते ९ लाख ३० हजारांवर जातो. नोंदणी, वाहतूक आणि विम्याचे २० ते ३० हजार वेगळे. निपाणीहून बेळगावला फ्लॅटबेडवर गाडी आणायला पाच-सात हजार धरा. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी दोरीने ओढत तवंदी घाटातून आणायचं धाडस करू नका, तिच्या ब्रेकचा भरवसा नसतो.

यादी पुन्हा एकदा वाचा. पत्रा, रंग, काचा-क्रोम आणि आतली सजावट मिळून निम्म्याहून जास्त पैसे जातात. ज्या इंजिनाची सगळ्यांना धास्ती असते, ते एकूण कामाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात बसतं. म्हणूनच इंजिन जाम पण पत्रा खणखणीत, अशी गाडी मिळाली तर ती सोडू नका.

२२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने लिहिलेलं कोटेशन कोणी दिलं तर तेवढं लक्षात आणून द्या आणि पक्कं बिल घ्या.

इंजिन बांधताना

इंजिन उघडण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा खर्च त्यावर ठरतो. हेड काढल्यावर ब्लॉक मशीन शॉपमध्ये न्याल तेव्हा समोर उभे राहा. चांगला कारागीर बोअर गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली असा तीन जागी उतरवतो आणि प्रत्येक जागी आडवं आणि उभं माप घेतो. वरच्या रिंगच्या पट्ट्यात झीज सर्वांत जास्त असते. ही सगळी मापं कागदावर लिहून मागा. झीज ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगांवर काम भागू शकतं. तिथेच २० हजार वाचतात. जास्त असेल तर रीबोअर करून ०.५० किंवा १.०० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, आणि तेही पुरे नसेल तर स्लीव्ह.

एक नियम पाळाच. पिस्टन हातात पडल्याशिवाय रीबोअर करू नका. प्रत्येक पिस्टन मापून त्याच्या मापाने बोअर कापावा लागतो. ‘पिस्टन येतील, तोवर कापून ठेवतो’ असं म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंगलाही हाच नियम.

१४८९ सीसीचं जुनं इंजिन असेल तर व्हॉल्व्ह सीटकडे लक्ष द्या. ते शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं आहे. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला आधार द्यायचं. २००० सालापासून देशभर शिसंमुक्त पेट्रोलच मिळतं. हेड काढलंच आहे, तर कडक सीट बसवून घ्या. नंतर पुन्हा हेड काढण्याच्या मजुरीपेक्षा ते स्वस्त पडतं.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आपल्या जिल्ह्यातला ऊस आता पंपावरही पोचला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यातलं बरंच बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांतून येतं. १९८०-९०च्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सील त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. हा आगीचा धोका आहे. त्यामुळे पेट्रोलचा एकही जुना पाइप ठेवू नका. इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात तो आर ९ दर्जाचा पाइप मीटरवर मिळतो. तो साध्या पाइपाच्या दुपटी-तिपटीने महाग आहे, पण गाडीला लागतो दोन-तीन मीटर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साचू देऊ नका.

घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं

घरी काम करण्याचा खरा फायदा मजुरी वाचण्यात आहे. गाडी सुटी करणं, भाग धुणं, बुश आणि शॉकअप बदलणं, ब्रेकचे सिलिंडर आणि लायनर बसवणं, वायरिंग ओढणं, कार्पेट बसवणं, शेवटची जुळणी ही कामं शिकून करता येतात. ती स्वतः केली तर ६० ते ९० हजार रुपये वाचू शकतात. रीबोअर, क्रँक, हेड फेसिंग, रेडिएटरची कोअर, संरचनेचं वेल्डिंग आणि रंग बाहेरच द्या.

हत्यारांसाठी २० ते २५ हजार लागतील. दोन टनी ट्रॉली जॅक, स्टँडच्या दोन जोड्या, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि चांगला दिवा एवढं पुरतं. १४८९ सीसीच्या इंजिनाला इंची पाने लागतात, इसुझूला एमएम. नटला न बसणारा पाना ठोकून बसवला की नटाचे कोपरे जातात आणि एका तासाच्या कामाचा दिवस होतो.

घरच्या कामात जिवाशी खेळ होतो तो चार ठिकाणी. एक, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा आणि गाडी हलवून बघून मगच खाली सरका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावू नका, ते अचानक फुटतात. दोन, पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंग करू नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. तीन, जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा. चार, टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. घरी फवारणी न करण्याचं तेच मुख्य कारण.

कॅम्पात भाड्याच्या बंगल्यात राहत असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत केली की किमतीत सूट मिळते.

पत्रा, रंग आणि कोटेशन

‘बॉडी काम पूर्ण, ९० हजार’ असं एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. त्यात फ्लोअरचे किती तुकडे बदलणार, पेट्या नव्या करणार की ठिगळ मारणार, पत्रा किती गेजचा, जुना रंग पूर्ण काढणार की वरून मारणार, प्रायमर कोणता, रंगाचे हात किती, आणि रंगाचा माल कोणाचा, हे वेगवेगळं लिहून घ्या. ठिगळावर पुट्टी थापून केलेलं काम पहिल्या पावसाळ्यात फुगतं आणि सगळा रंग पुन्हा करावा लागतो.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला माल आणण्यापुरते, पत्र्याचं काम प्रायमरआधी उघड्यावर बघून दुसरा हप्ता, रंग झाल्यावर तिसरा आणि जुळणीनंतर उरलेले. प्रायमर मारण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा. पुढे गाडी विकायची झाली तर हेच फोटो तिची किंमत वाढवतात.

सुट्या भागांसाठी आधी कोल्हापूर बघा, मग पुण्याची नाना पेठ, बेंगळुरूचा जे. सी. रोड आणि मुंबईचं कुर्ला. काचेची रबरं आणि पट्ट्या जिथे दिसतील तिथे घेऊन ठेवा. लागतील तेव्हा शोधू, असं म्हणाल तर काम थांबून राहील.

फेरफार : काय चालतं, काय नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीची नोंदणीतली मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली. कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या कंपनीचं मोठं इंजिन टाकणं, छत कापून उघडी गाडी करणं, चासी किंवा लांबी बदलणं हे सगळं त्यात येतं. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर दावा अडवते.

त्याच प्रकारचं इंजिन बदलता येतं, पण नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवा. ऑलिव्ह ग्रीन मात्र निवडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. कॅम्पासारख्या लष्करी वस्तीत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राजवळ, जुन्या जीपला हा रंग मारायचा मोह अनेकांना होतो, म्हणून मुद्दाम सांगतो आहे.

गाडीचं रूप न बदलता तिचा भरवसा वाढवणाऱ्या सुधारणा करा. त्यांचा खर्च कमी आणि फायदा रोजचा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनला तीन ते सहा हजार, रिलेसह नव्या हेडलाइट वायरिंगला दोन-तीन हजार, थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या विजेच्या पंख्याला चार ते सात हजार, मापाच्या रेडियल टायरला साध्याहून थोडे जास्त, चारही सीटना बेल्ट बसवायला पाच-आठ हजार. तवंदी घाट चढताना तापमानाचा काटा मध्यावर राहिला तर रेडिएटर आणि पंख्यावरचा खर्च वसूल झाला असं समजा.

मूळ रूप जपण्यामागे पैशाचंही कारण आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, बॉडी, चासी आणि इंजिन न बदललेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरात घेता येत नाही. प्रदर्शन, रॅली आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९८४ची पहिली कॉन्टेसा या ओळीत २०३४मध्ये येईल. आज तिच्यात मोठं इंजिन बसवलंत तर ते दार कायमचं बंद होईल.

विमा

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२मध्ये ठरलेल्या दरांनुसार १,५०० सीसीपुढच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर कर. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३,४१६. म्हणजे जुन्या १४८९ सीसीच्या कॉन्टेसाचा हप्ता १.८च्या निम्म्याहून कमी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा तर कामाची सगळी बिलं आणि फोटो जपून ठेवा, कारण अशा गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते.

वेळापत्रक

एका वर्षाची आखणी करा, दसरा ते दसरा. दसऱ्यानंतर गाडी सुटी करा आणि इंजिन मशीन शॉपला द्या. डिसेंबर-जानेवारीत पत्र्याचं काम. रंग फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उरका, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि प्रायमरखाली ओल अडकते. पावसाळ्यात पोर्चखाली बसून वायरिंग, ब्रेक आणि आतली जुळणी करा. सप्टेंबरमध्ये चाचणी आणि पासिंग.

बजेट कमी असेल तर

प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची, लहान अंगाची. १९६४पासून २००१पर्यंत बनली, त्यामुळे भाग मुबलक आहेत. वरच्या अंदाजपत्रकाच्या साठ टक्क्यांत ती होऊ शकते. जीपला वेगळी चासी आणि सपाट पत्रे असल्याने पत्र्याचं काम स्वस्त पडतं. लष्करातून निघालेली असेल तर लिलावाचे आणि नागरी नोंदणीचे कागद मात्र दोनदा तपासा. त्याहून कमीत शिकायचं असेल तर म्हैसूरच्या कारखान्यात १९९६पर्यंत बनलेली जावा किंवा येझदी घ्या. २० वर्षांपुढच्या दुचाकीच्या नूतनीकरणाला २,००० रुपये आणि २५० सीसीच्या थर्ड पार्टी विम्याला १,३६६ रुपये व कर, एवढ्यात सरकारी बाजू भागते.

निर्णय

पैसे परत मिळवायचे म्हणून कॉन्टेसा हाती घेऊ नका. पूर्ण खर्च विक्रीतून निघेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. वर्षभर रविवार देण्याची तयारी, साडेसहा लाख बाजूला आणि छप्पर असलेली जागा ही तिन्ही असतील तर जरूर घ्या. आपल्या भागातले लेथवाले, रेडिएटरवाले, पत्र्याचे मिस्त्री अजून हे काम हाताने करतात. नव्या गाड्यांना त्यांची गरज कमी होत चालली आहे आणि त्यांचं कौशल्य टिकायचं असेल तर अशी कामं त्यांच्याकडे जायला हवीत. कागद सरळ, पत्रा खणखणीत आणि भाग पूर्ण, ही तीन उत्तरं ‘हो’ आली तरच विसार द्या. एकही ‘नाही’ आलं तर दुसरी गाडी शोधा.